कोंबडीचा दाणा : औषधाकडून हळदीकडे

बडोदे शहराच्या उत्तर अंगास, विश्वामित्री नदीपासून फार दूर नाही अशा ठिकाणी, समा नावाची वस्ती आहे. एके काळी ते स्वतंत्र गाव होते. शहर वाढत वाढत त्याच्यापर्यंत येऊन पोहोचले आणि त्याला पोटात घेऊन पुढे गेले. अशी गावे शहरात विरली म्हणजे जे काही नाहीसे होते, त्यात परसातले खुराडे फार लवकर जाते. कोंबडीचे मांस मात्र नाहीसे होत नाही. उलट त्याची मागणी वाढते. ते मग शहराबाहेरच्या लांबलचक छपरांखालून येऊ लागते, जेथे एका ठिकाणी हजारो पक्षी पाच-सहा आठवड्यांत वाढवून बाजारात धाडले जातात.

परसातल्या कोंबडीला काय खाऊ घालावे, हा प्रश्न कोणाला पडत नसे. कण्या, कोंडा, जात्याखाली सांडलेले पीठ, उकिरड्यावरचे किडे आणि पावसाळ्यातले कोवळे गवत, एवढ्यावर तिचे भागत असे. छपराखालच्या पक्ष्याला उकिरडा ठाऊक नाही. त्याच्या पुढ्यात जे येते तेच त्याचे सारे जग. म्हणूनच त्याच्या दाण्यात काय घालावे आणि काय घालू नये, या प्रश्नाला गेल्या शतकात एवढे महत्त्व आले. आज हळद, लसूण, ओवा, तुळस, आवळा अशा घरगुती जिनसा कोंबडीच्या खाद्यात मिसळण्याची चर्चा सर्वत्र चालू आहे. या चर्चेच्या मागे शंभर वर्षांहून अधिक मोठा इतिहास आहे, आणि त्याचे काही धागे मुंबई, पिंपरी आणि बडोदे या आपल्या परिचयाच्या गावांतून गेलेले आहेत.

या इतिहासाचा आरंभ जावा बेटात होतो. १८८० नंतरच्या काळात तेथील डच सरकारचे सैनिक बेरीबेरी या रोगाने हैराण झाले होते. रोगाचे कारण शोधण्यासाठी नेमलेल्या मंडळींत क्रिस्तियान आइकमान हा तरुण डॉक्टर होता. प्रयोगासाठी पाळलेल्या कोंबड्याच एके दिवशी लटपटू लागल्या. त्यांच्या पायांतली शक्ती गेली. काही काळाने त्या आपोआप बऱ्याही झाल्या. चौकशीअंती उघड झाले ते असे, की मधल्या काळात त्यांना लष्करी इस्पितळातला शिजवलेला पांढरा भात मिळत होता. नवा आचारी आला आणि त्याने लष्कराचा तांदूळ बिनलष्करी कोंबड्यांना देण्याचे नाकारले. तेव्हापासून त्यांना हातसडीचा, कोंड्यासकट तांदूळ मिळू लागला आणि त्या सुधारल्या. कोंड्यात काहीतरी जीवनावश्यक आहे, हे पुढे खेरित ग्रेन्स याने १९०१ साली नीट मांडले. त्या 'काहीतरी'ला १९१२ साली कासिमिर फुंक याने व्हिटॅमिन हे नाव दिले. १९२९ साली आइकमानला नोबेल पारितोषिक मिळाले. आचाऱ्याच्या त्या नकाराची नोंद मात्र केवळ गोष्टीपुरती उरली.

कोंबडीच्या दाण्यात केलेला लहानसा फेरफार एवढा मोठा परिणाम घडवू शकतो, हे कळल्यावर कोंबडीचे पिल्लू हे शास्त्रज्ञांचे आवडते मोजमाप बनले. पिल्लू झपाट्याने वाढते. एखादा घटक कमी पडला तर त्याचे वजन लगेच सांगते. या मार्गाने जी जीवनसत्त्वे सापडली, त्यांतील एकाची कथा मुंबईशी जोडलेली आहे. १९२८ साली ल्यूसी विल्स ही इंग्रज डॉक्टरीण मुंबईत आली. गिरण्यांत राबणाऱ्या गरोदर स्त्रियांना होणारा एक प्रकारचा पंडुरोग तिच्या अभ्यासाचा विषय होता. यीस्टपासून केलेल्या मार्माइट या स्वस्त पदार्थाने हा रोग बरा होतो, असे तिने १९३१ साली प्रसिद्ध केले. यीस्टमधला तो अज्ञात घटक म्हणजे पुढे फॉलिक आम्ल ठरले. त्याचा माग काढताना दुसरीकडे कोंबडीच्या पिल्लांचा उपयोग झाला. १९४५ साली अमेरिकेतील लेडर्ली प्रयोगशाळेने फॉलिक आम्ल कृत्रिम रीतीने तयार केले. त्या प्रयोगशाळेच्या संशोधनाचे नेतृत्व आंध्रातील भीमावरमहून गेलेल्या यल्लाप्रगड सुब्बाराव यांच्याकडे होते.

याच प्रयोगशाळेत कथेला वेगळे वळण मिळाले. १९४५ साली बेंजामिन डगर या वृद्ध वनस्पतिशास्त्रज्ञाने मातीतल्या एका सूक्ष्म जीवापासून ऑरिओमायसिन हे प्रतिजैविक मिळविले. १९४८ साली ते जगापुढे आले. त्याच वर्षी टॉमस ज्यूक्स हा तेथील संशोधक कोंबडीच्या पिल्लांवर प्रयोग करीत होता. युद्धानंतर मासळीची भुकटी महागली होती आणि सोयाबीनसारखा केवळ वनस्पतिज दाणा खाणारी पिल्ले खुरटत होती. प्राणिज अन्नातला कोणता घटक त्यांना कमी पडतो, हे त्याला शोधावयाचे होते. निरनिराळ्या टोळ्यांना त्याने निरनिराळे पदार्थ दिले. एका टोळीच्या दाण्यात ऑरिओमायसिन काढून घेतल्यावर उरणारा चोथा मिसळला होता. १९४८ च्या नाताळच्या दिवशी त्याने पिल्ले तोलली, तेव्हा हा चोथा खाल्लेली पिल्ले सर्वांत जड भरली. यकृताचा महागडा अर्क दिलेल्या पिल्लांनाही त्यांनी मागे टाकले होते.

प्रथम वाटले, की चोथ्यातल्या बी-१२ जीवनसत्त्वाचाच हा गुण असावा. परंतु ज्यूक्स आणि त्याचा सहकारी रॉबर्ट स्टोकस्टाड यांना लवकरच कळून आले, की खरा परिणाम चोथ्यात राहून गेलेल्या प्रतिजैविकाचा आहे. १९५० साली हे जाहीर झाले आणि १९५१ साली अमेरिकेत खाद्यात प्रतिजैविके मिसळण्यास मुभा मिळाली. टनभर खाद्यात मोजके ग्रॅम औषध घातले, की पक्षी कमी दाण्यात अधिक वाढतो. शेतकऱ्याला यापेक्षा आणखी काय हवे होते? औषध हे रोग्यासाठी असते, ही समजूत मागे पडली. निरोगी पक्ष्याला रोजच्या दाण्यातून औषध देण्याची प्रथा जगभर पसरली.

तिच्या पसरण्याला आणखी एक कारण होते. नेमक्या त्याच काळात कोंबडीची जातच बदलत होती. १९२३ साली अमेरिकेच्या डेलावेअर राज्यात सिसिल स्टील या बाईने अंड्यांसाठी पन्नास पिल्ले मागविली. चुकून पाचशे आली. ती परत न धाडता तिने वाढवून मांसासाठी विकली, आणि तिच्या नफ्याने शेजाऱ्यांचे डोळे उघडले. मांसासाठीच कोंबडी वाढवावी, ही कल्पना तेथे रुजली. १९४८ साली 'उद्याची कोंबडी' निवडण्याची देशव्यापी स्पर्धा झाली. तीत कॉर्निश जातीचा संकर पुढे आला. ही कॉर्निश जात इंग्लंडात एके काळी 'इंडियन गेम' म्हणून ओळखली जाई. कारण आपल्याकडच्या असील या झुंजार कोंबड्याचे रक्त तिच्यात उतरले आहे. रुंद छातीचा ब्रॉयलर आपल्याकडे परदेशी म्हणून आला खरा, पण त्याच्या छातीचा काही वारसा याच मातीतला आहे.

भारतात या घटकेला प्रतिजैविके तयार करण्याची विद्या नुकतीच येत होती. पुण्याजवळ पिंपरी येथे १९५४ साली हिंदुस्थान अँटिबायोटिक्स हा सरकारी कारखाना स्थापन झाला. बडोद्यात तर औषधांच्या कारखानदारीची परंपरा त्याहून जुनी होती. सयाजीराव महाराजांच्या राज्यात १८९० साली कलाभवन सुरू झाले. तेथे रसायनविद्येचे बी पेरणारे प्राध्यापक त्रिभुवनदास गज्जर, त्यांचे मराठी शिष्य कोटीभास्कर आणि उद्योजक भाईलालभाई अमीन यांच्या प्रयत्नांतून १९०७ साली अलेम्बिक हा कारखाना उभा राहिला. सुरुवातीस तेथे अल्कोहोल आणि टिंक्चरे होत. १९६० नंतरच्या दशकात पेनिसिलिनही होऊ लागले. ज्या औषधासाठी युद्धकाळात रुग्ण तळमळत होते, ते आता देशातच बनू लागले आणि स्वस्त झाले. ही फार मोठी कमाई होती. पुढे १९७१ साली डॉ. बी. व्ही. राव यांनी वेंकटेश्वर हॅचरीज काढली आणि नंतर पुणे हे या धंद्याचे मोठे केंद्र झाले. कोंबडीपालन परसातून निघाले आणि कारखानदारीच्या वाटेला लागले.

धोक्याची सूचना मात्र फार आधी मिळालेली होती. पेनिसिलिनचा जनक अलेक्झांडर फ्लेमिंग याने डिसेंबर १९४५ मध्ये नोबेल पारितोषिक स्वीकारताना सांगितले होते, की अपुऱ्या मात्रेत औषध दिले तर जंतू मरत नाहीत, उलट त्या औषधाला तोंड देण्यास शिकतात. कोंबडीच्या दाण्यात रोज पडणारे ते चार-दोन ग्रॅम म्हणजे नेमकी ही अपुरी मात्रा होती. १९५९ साली जपानी शास्त्रज्ञांनी दाखविले, की एका जातीचा जंतू आपली ही विद्या दुसऱ्या जातीच्या जंतूलाही देऊ शकतो. मग कोंबडीच्या आतड्यातला जंतू आणि माणसाच्या आतड्यातला जंतू यांच्यातली भिंत कितीशी भक्कम राहणार?

ब्रिटनमध्ये मायकेल स्वान यांच्या समितीने १९६९ साली शिफारस केली, की माणसांवर उपचारासाठी लागणारी प्रतिजैविके जनावरांच्या वाढीसाठी वापरू नयेत. १९७६ साली स्टुअर्ट लेव्ही या अमेरिकी डॉक्टराने बॉस्टनजवळच्या एका शेतावरचा प्रयोग प्रसिद्ध केला. कोंबड्यांच्या दाण्यात टेट्रासायक्लिन मिसळल्यावर थोड्याच दिवसांत त्यांच्या आतड्यांतील जंतू त्या औषधाला दाद देईनासे झाले. काही महिन्यांत शेतावर राहणाऱ्या कुटुंबातील माणसांच्या पोटातही तसेच जंतू आढळले. त्या माणसांनी तर औषध घेतलेलेच नव्हते. स्वीडनने १९८६ साली वाढीसाठी प्रतिजैविके देणे बंद केले. डेन्मार्कने १९९५ साली अ‍ॅव्होपार्सिन या औषधावर बंदी घातली, कारण त्याच्या सख्ख्या नात्यातले व्हँकोमायसिन हे इस्पितळांतील शेवटच्या आधारांपैकी एक होते. १ जानेवारी २००६ पासून सगळ्या युरोपीय संघात ही प्रथा संपुष्टात आली. अमेरिकेने माणसांसाठी महत्त्वाच्या औषधांपुरता हाच निर्णय २०१७ साली अमलात आणला.

भारतात जाग आली ती उशिरा. २०१४ साली दिल्लीच्या सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायरन्मेंट या संस्थेने दिल्ली परिसरातील कोंबडीच्या मांसाचे ७० नमुने तपासले, तेव्हा त्यांपैकी ४० टक्के नमुन्यांत प्रतिजैविकांचे अंश सापडले. २०१५ साली चीनमधून बातमी आली, की कोलिस्टिन या औषधाला निष्प्रभ करणारे आणि एका जंतूतून दुसऱ्यात सहज जाणारे जनुक जनावरांत, मांसात आणि रुग्णांतही आढळले आहे. कोलिस्टिन हे मरणाच्या दारातल्या रोग्याला देण्याचे औषध. आपल्याकडे ते कोंबडीच्या खाद्यात जात होते. जुलै २०१९ मध्ये केंद्र सरकारने अन्नासाठी पाळल्या जाणाऱ्या प्राण्यांत त्याचा वापर करण्यास बंदी केली.

आता प्रश्न असा, की औषध काढून घेतले तर त्याच्या जागी काय? हळद-लसणाचे महत्त्व येथे सुरू होते. या वनस्पतींचा गुण केवळ आजीबाईच्या बटव्यापुरता नाही. लसूण ठेचल्यावर जो उग्र वास सुटतो, त्यातले अ‍ॅलिसिन हे द्रव्य १९४४ साली वेगळे काढण्यात आले आणि ते जंतुनाशक असल्याचे दिसून आले. ओव्यातले थायमॉल आणि युरोपात कोंबड्यांना दिल्या जाणाऱ्या ओरेगॅनोतले कार्व्हाक्रॉल ही सख्खी भावंडे. दोन्ही आतड्यातल्या उपद्रवी जंतूंना आवर घालतात. हळदीतले करक्युमिन दाह कमी करते. आवळ्यातले क जीवनसत्त्व वैशाख-जेष्ठातल्या उष्म्याने धापा टाकणाऱ्या पक्ष्याला उपयोगी पडते, आणि बडोद्याकडचा उन्हाळा काही सौम्य नव्हे. लाल मिरचीही पक्ष्याला चालते, कारण तिचा तिखटपणा पक्ष्यांना जाणवतच नाही. देशभरच्या पशुवैद्यक महाविद्यालयांत अशा जिनसांवर प्रयोग झाले आहेत. शंभर किलो खाद्यात अर्धा किलो हळदपूड, असे प्रमाण त्यांत वारंवार दिसते.

निष्कर्ष मात्र एकसारखे नाहीत. काही ठिकाणी वजन वाढले, काही ठिकाणी दाणा कमी लागला, काही ठिकाणी काहीच फरक पडला नाही. याचे कारण उघड आहे. एका शेतातली हळद दुसऱ्या शेतातल्या हळदीसारखी नसते. जुन्या, कोंदट पुडीतले गुण उडून गेलेले असतात. बाजारच्या हळदीत भेसळीचा रंगही असू शकतो. कडुलिंब अधिक झाला तर पक्षी दाण्याला तोंड लावीत नाही. करक्युमिन आतड्यातून रक्तात फारच थोडे शिरते. बंगळूरच्या सेंट जॉन्स वैद्यकीय महाविद्यालयातील संशोधकांनी १९९८ साली माणसांवर दाखविले, की सोबत मिऱ्यातले पिपरीन दिल्यास हे शोषण कितीतरी पटींनी वाढते. आपल्या स्वयंपाकघरात हळद आणि मिरे एकत्र येतात ते काही उगीच नव्हे, असे यावरून म्हणण्याचा मोह होतो. परंतु कोंबडीच्या बाबतीत तेवढ्यावर हिशेब मांडता येणार नाही. त्यासाठी तराजूच हाती धरला पाहिजे.

जुने ते आपोआप सिद्ध, असे समजणेही धोक्याचे आहे. जखमेवर हळद लावण्याचे पेटंट अमेरिकेत १९९५ साली दिले गेले होते. डॉ. रघुनाथ माशेलकर यांच्या नेतृत्वाखालील वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषदेने त्याला आव्हान दिले आणि १९९७ साली ते रद्द करविले. तो विजय 'आमच्या आजीला ठाऊक होते' एवढ्या बोलण्याने मिळाला नाही. जुने लेखी पुरावे पुढे ठेवावे लागले. कोंबडीच्या दाण्यातल्या हळदीलाही हीच कसोटी लागू आहे. एका छपराखाली हळद घातलेली टोळी, दुसऱ्या छपराखाली न घातलेली, दोघांचे वजन, दाणा आणि मरतुक यांची रोजची नोंद. एवढे झाले तरच गुण खरा.

शिवाय निसर्गाने केवळ हळदच दिलेली नाही. १९७३ साली फिनलंडच्या एस्को नुर्मी याने एक मार्मिक गोष्ट दाखविली. नुकत्याच जन्मलेल्या पिल्लाला निरोगी प्रौढ कोंबडीच्या आतड्यातले जंतू मिळाले, तर साल्मोनेला त्याच्या पोटात सहजासहजी ठाण मांडू शकत नाही. कारण चांगल्या जंतूंनी जागा आधीच धरलेली असते. परसातले पिल्लू आईच्या मागे उकिरडा उकरताना हे संरक्षण आपसूक मिळवीत असे. यंत्रात उबवलेल्या पिल्लाला आईच भेटत नाही. आज उपयुक्त जंतू खाद्यातून किंवा पाण्यातून देतात, तो या हरवलेल्या आईची उणीव भरून काढण्याचाच प्रकार होय.

आणि सर्वांत आधीची गोष्ट म्हणजे स्वतः दाणा. बडोद्याला लागूनच पंचमहालचा मुलूख आहे. १९७४ च्या पावसाळ्यानंतर तेथे आणि शेजारच्या राजस्थानातील बांसवाड्यात कावीळ उसळली आणि शंभरावर माणसे दगावली. कारण निघाले बुरशी लागलेला मका. भिजलेल्या कणसांवर वाढलेल्या बुरशीने अफ्लाटॉक्सिन हे विष निर्माण केले होते, आणि गोरगरिबांचे तेच अन्न होते. हे विष प्रथम ओळखले गेले ते पक्ष्यांमुळेच. १९६० साली इंग्लंडात सुमारे लाखभर टर्की पक्षी मेले आणि त्याचा माग भुईमुगाच्या पेंडीपर्यंत पोहोचला. मका आणि पेंड, हेच आजही कोंबडीच्या खाद्यातले मुख्य घटक आहेत. हळदीने या विषाची इजा काही अंशी कमी होते, असे प्रयोगांत दिसले आहे. पण बुरसटलेला मका घ्यायचा आणि वर हळद टाकायची, हा उलटा न्याय झाला. कोरडे कोठार हे अशा कोणत्याही औषधापेक्षा स्वस्त पडते.

स्वीडनचा अनुभव हेच सांगतो. औषध बंद केल्यावर तेथील डुकरांच्या पिल्लांत रोग वाढले. कोंबडीवाल्यांनी मात्र छपरे स्वच्छ ठेवली, दाण्याची घडण बदलली, रोगावर नजर ठेवली आणि धंदा सावरला. दाण्यातली ती किरकोळ मात्रा पुष्कळदा दाटीवाटीचे आणि अस्वच्छतेचे पांघरूण होती, हे त्यावरून उघड झाले. हळद-लसणालाही तसेच पांघरूण बनवले, तर नाव बदलेल, दुखणे तेच राहील. आजारी पक्ष्याला पशुवैद्याच्या सल्ल्याने योग्य मात्रेत औषध देणे हे कर्तव्यच आहे, आणि औषधाची मुदत संपेपर्यंत तो पक्षी बाजारात न नेणे हेही कर्तव्यच.

शेतकऱ्याची बाजूही विसरता कामा नये. ब्रॉयलरच्या खर्चात दाण्याचा वाटा निम्म्याहून पुष्कळ अधिक असतो. पिल्लू, दाणा आणि भाव हे तिन्ही पुष्कळदा दुसऱ्याच्या हाती असतात. त्याच्या हाती राहतात ती छपराखालची चाळीसएक दिवसांची मेहनत आणि मरतुकीची धास्ती. अशा माणसाला 'औषध टाकू नकोस' एवढेच सांगणे सोपे आहे. त्याला कोरडा दाणा, स्वच्छ पाणी, जवळचा पशुवैद्य आणि हळदीच्या गुणाचा खरा आकडा देणे हे अवघड, पण आवश्यक आहे. ते काम विद्यापीठांचे, सरकारचे आणि खाद्य बनविणाऱ्या कारखान्यांचे आहे. आणि दोन पैसे अधिक मोजून चांगली कोंबडी मागणाऱ्या गिऱ्हाइकाचेही आहे.

ज्यूक्सच्या पिल्लांचे वजन वाढले तेव्हा त्या वाढीची किंमत कोण देणार, हे कोणी विचारले नव्हते. ती आज इस्पितळांतून दिली जात आहे. एका औषधाने उतरणारा ताप दोन-तीन औषधांनीही उतरत नाही, आणि डॉक्टर पुढचे नाव शोधू लागतो. कोंबडीच्या दाण्यातला एक चमचा वाचविला, तर तो चमचा कोणत्या तरी मुलाच्या उशाशी उपयोगी पडेल.